बॉनेटखालचं जग : ‘थोडं पाणी लागतं, बाकी गाडी मस्त आहे’

मागच्या अंकात बॅटरीबद्दल लिहिलं होतं आणि या वेळी टायरबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं. टायर पुढच्या महिन्यात. मधल्या काळात आमच्या घरचीच गाडी चोर्ला घाटात बंद पडली. ती का पडली हे सांगितल्याशिवाय मला टायरबद्दल लिहिता येईल असं वाटत नाही, कारण त्यात थोडी चूक माझीही आहे.

मे महिन्यातला दुसरा रविवार. म्हार्दोळला देवदर्शन करून आम्ही बेळगावला परत येत होतो. गाडी ताईची, अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. चालवायला भाचा, त्याच्या शेजारी मी, मागे ताई आणि आई. आईचं वय ८१. डिकीत दोन फणस आणि मानकुराद आंब्यांची पेटी.

सकाळी निघताना भाच्याने बॉनेट उघडलं आणि प्यायच्या बाटलीतलं अर्धं पाणी रेडिएटरच्या छोट्या प्लॅस्टिकच्या टाकीत ओतलं. मी विचारलं, ‘काय रे, पाणी कशाला?’

‘थोडं लागतं मामा. आठवड्यातून एकदा घालतो. बाकी गाडी एकदम मस्त आहे.’

‘कधीपासून?’

‘झाले असतील तीन-चार महिने.’

मी उद्यमबागेत एकतीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली. इंजिनाची हेडं हाताखालून गेली ती मोजलेली नाहीत. आणि हे ऐकून मी काय विचारलं? आंब्याची पेटी नीट ठेवलीस का रे!

आता जे त्याला तेव्हा सांगायला हवं होतं ते तुम्हाला सांगतो. गाडीचं कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते बंद नळ्यांतून गोल गोल फिरत असतं. इंजिनातून उष्णता घ्यायची, रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्याला द्यायची, परत इंजिनात यायचं. वर्षभरात टाकीतली पातळी बोटभर खाली आली तर समजू शकतो. पण दर आठवड्याला अर्धी बाटली लागत असेल तर ते पाणी कुठेतरी जातंय. बाहेर गळतंय, नाहीतर इंजिनाच्या आत जळतंय. तिसरा रस्ता नाही. नुसतं पाणी घालत राहणं म्हणजे छपराला भोक पडलंय आणि आपण खाली रोज बादली बदलतोय.

केरी मागे पडली की चोर्ल्याचा चढ सुरू होतो. जवळजवळ सपाटीवरून तुम्ही सुमारे ८०० मीटर उंची चढता, तीही वळणावळणाने, दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये. दुपारचे अडीच वाजलेले, एसी चालू, पुढे एक भरलेला ट्रक. अशा वेळी इंजिन जोर लावतं खूप, पण गाडीचा वेग कमी म्हणून समोरून वारा कमी. ज्या गाडीला काही दुखणं आहे ते अशाच ठिकाणी बाहेर पडतं. शहरात चार महिने लपलेलं.

माझं लक्ष गेलं तेव्हा काटा मध्याच्या बराच वर होता. (हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड आहे, लाल दिवा म्हणजे थांबा. लाल दिवा लागला की विचार करायला फार वेळ उरलेला नसतो.) मी एसी बंद करायला लावला, काचा खाली करायला लावल्या आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. मागून आई म्हणाली, ‘अरे, आधीच जीव जायलाय उकाड्यानं, त्यात हे काय?’ तिचं बरोबरच होतं. पण हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं आणि उष्णता इंजिनातून काढून आपल्या अंगावर टाकतं. सुरक्षित जागा मिळेपर्यंतचा हा उपाय, घरापर्यंत पोचायचा नव्हे.

एक मिनिटभर भट्टीसारखी हवा आली. मग ती एकदम गार झाली. आणि त्याच सुमारास भाचा ओरडला, ‘मामा, काटा उतरला! एकदम खाली आला!’

ताईने हुश्श केलं. मी मात्र घाबरलो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपलं तर तो हवेत लोंबकळतो, आणि हवेतला सेन्सर खरी उष्णता सांगत नाही. काटा उतरला म्हणजे इंजिन निवलं असं नव्हतं. मोजायला पाणीच उरलं नव्हतं. हीटरची हवा गार झाली तीही म्हणूनच.

मी ‘थांबव’ म्हटलं, पण आम्ही आंधळ्या वळणावर होतो. मागून ट्रक येत होते. तिथे गाडी उभी केली असती तर इंजिन वाचलं असतं आणि आम्ही कदाचित नाही. पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत गाडी नेली, अर्धा-पाऊण किलोमीटर. त्या अंतराची किंमत पुढे मोजावी लागली. परत वेळ आली तरी मी तेच करीन.

गाडी थांबली, इंजिन बंद केलं. भाचा उतरला, बॉनेट उघडलं आणि सरळ रेडिएटरच्या झाकणाकडे हात. मी त्याचं मनगट धरलं.

आमच्या काकांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एक चट्टा होता. लहानपणी आम्हाला वाटायचं जन्मखूण असेल. ती होती अँबॅसडरच्या रेडिएटरची. त्याचं कारण साधं आहे. झाकण नुसतं झाकण नसतं, त्यात स्प्रिंग असते आणि ती आतलं पाणी दाबाखाली ठेवते, साधारण एक बारच्या आसपास जादा दाब. त्या दाबाखाली पाणी १०० ला उकळत नाही, जवळजवळ १२० अंशांपर्यंत थांबतं. कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहून जास्त. आता ११० अंशांवरच्या त्या शांत दिसणाऱ्या पाण्यावरचं झाकण तुम्ही काढलंत तर दाब एका क्षणात जातो, आणि पाण्याला आठवतं की आपण मघाशीच उकळायला हवं होतं. ते वाफ होऊन थेट तोंडावर येतं. फडकं धरून, हळूहळू फिरवून, लांब उभं राहून, असले सगळे शहाणपण मी ऐकलेले आहेत. उघडायचं नाही. वरच्या जाड रबरी पाईपवर हात ठेवता आला आणि तो दाबल्यावर मऊ लागला की मग उघडायचं. आमच्या बाबतीत त्याला पन्नास मिनिटं लागली.

आईला झाडाखाली बसवलं. ती वैतागेल असं वाटलं होतं, पण तिला जुने दिवस आठवले. पूर्वी प्रत्येक घाटात दोन-तीन गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्याच, म्हणाली. ट्रकला पुढे कॅनव्हासची छागल टांगलेली असायची, ड्रायव्हर त्यातलंच प्यायचा आणि त्यातलंच रेडिएटरला पाजायचा. ‘तेव्हा गाडी तापली की सगळे डबे काढून जेवायला बसायचे. तुम्हीच बघा की कसे तोंडं पाडून उभे.’

गाडी निवल्यावर आमच्याकडच्या बाटल्या थोड्या थोड्या करून ओतल्या. सगळं मिळून चारेक लिटर मावणाऱ्या गाडीत जवळजवळ तीन लिटर पाणी गेलं. म्हणजे आम्ही कोरड्या इंजिनावर चढत होतो. भाचा म्हणाला, ‘भरलं की मामा, चला हळूहळू.’ किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण तीन पायांच्या घोड्यासारखं, आणि उघड्या रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे. मी लगेच बंद केलं.

तिथे रेंज नव्हती. बेळगावहून रोज भाजी घेऊन गोव्यात उतरणारे टेम्पो दुपारी रिकामे परत येतात हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तसाच एक थांबला. आई पुढे ड्रायव्हरशेजारी, ताई तिच्या बाजूला, आणि फणस मागे. आई घरी पोचून चहा पीत होती तेव्हा भाचा आणि मी अजून घाटातच डासांना हाकलत होतो. गाडी दुसऱ्या दिवशी उचलून आणली.

आता गॅरेजची गोष्ट. तिथला पहिला प्रश्न होता, ‘रेडिएटर बदलूया?’ हे तुमच्याही बाबतीत होईल. गाडी तापली की कोणी रेडिएटर बदलतो, कोणी थर्मोस्टॅट, कोणी पंखा, आणि तीन वस्तू बदलल्यावर चौथ्या वेळी खरं कारण सापडतं. मी म्हटलं, आधी पाणी कुठे गेलं ते बघू. थंड इंजिनावर, झाकणाच्या जागी हातपंप बसवून, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब भरला आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर दाब उतरलेला, आणि पाण्याच्या पंपाखालच्या छोट्या भोकातून एक बारीक धार ओघळलेली. ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात तोच हा पंप. त्याला ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं आणि आपल्याला कळावं म्हणून. आजूबाजूला गुलाबी खपलीसारखा थर वाळलेला होता, चार महिन्यांचा. गाडी उभी असताना गळती नव्हती, दाब आला की गळायची, आणि तापलेल्या लोखंडावर पडून वाळून जायची. म्हणून जमिनीवर कधी थेंब दिसला नाही. पण बॉनेट उघडून बॅटरीने खाली बघितलं असतं तर ती खपली दिसली असती. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडतच होता की!

पंप, त्यावरचा पट्टा आणि नवं कूलंट, एवढ्यावर भागलं असतं तर साडेचार हजारांचं काम. पण त्या बुडबुड्यांचं उत्तर बाकी होतं. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या औषधाची नळी धरली. इंजिनातला जळका वायू पाण्यात येत असेल तर ते औषध पिवळं होतं. अर्ध्या मिनिटात पिवळं झालं. हेड गॅस्केट गेलेलं.

इंजिनात पेट्रोल पेटतं तेव्हा ज्वाळेचं तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जातं. आणि ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडखाली ती पेटते ते अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मधे फक्त ते फिरणारं पाणी. ते गेलं की हेड वितळायच्या खूप आधी वाकतं, कारण अ‍ॅल्युमिनियम गरम झाल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं आणि बोल्ट त्याला पसरू देत नाहीत. हेड खोलून मी ते माझ्याच जुन्या शॉपमध्ये नेलं. सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज घातला. ०.०५ मिलिमीटरपर्यंत साधारण चालतं. आमचं ०.१२ निघालं. कागदाच्या जाडीएवढा फरक, आणि तेवढ्यासाठी फेसिंग, नवं गॅस्केट, नवे बोल्ट, तेल, मजुरी. शेवटचं बिल तेवीस हजार आठशे. ताईने बिल बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बोलली काही नाही.

तुमच्या गाडीचा काटा चढला तर गॅरेजला जायच्या आधी एवढंच आठवा, की तो कधी चढला. याचं उत्तर गाडीत बसलेल्या माणसाकडेच असतं, मिस्त्रीकडे नसतं. सिग्नलला, खडे बाजारच्या गर्दीत उभं असताना चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर पाणी ठीक आहे, वारा कमी पडतोय. पंखा बघा. एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर, याच क्रमाने, कारण किंमतही याच क्रमाने वाढते. उलट गर्दीत ठीक आणि हायवेवर किंवा चढाला चढतो, तर वारा भरपूर आहे, पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर चोंदलाय. आपल्याकडच्या तांबड्या मातीचा थर एसीच्या जाळीच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसतो, पुढून दिसतही नाही. आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवावा. वॉशिंगवाल्याला जोराची धार मारू देऊ नका, पापुद्र्यासारखे पत्रे आडवे होतात आणि मग वारा कायमचा बंद. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच चढला तर पाणी कमी आहे, नाहीतर थर्मोस्टॅट उघडत नाही. इंजिन तापलं तरी एक मोठा पाईप चटका देतोय आणि दुसरा गार, तर पाणी फिरतच नाहीये हे नक्की.

थर्मोस्टॅटवरून आठवलं. ‘आपल्या हवेत त्याची गरज नाही, काढून टाकू’ असं तुम्हाला कोणीतरी म्हणेल. काढू देऊ नका. तो इंजिन लवकर गरम करतो आणि मग योग्य तापमानाला धरून ठेवतो. काढला तर इंजिन कायम गारठलेलं, पेट्रोल जास्त, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतं आणि गाडी आणखी तापते. तो बिघडलाय का हे घरी बघता येतं. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने लटकवा, थर्मामीटर ठेवा, गॅस लावा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. भाच्याने आईच्या स्वयंपाकघरात हे केलं. आमचा ८३ ला उघडला. पातेलं मात्र आजीने परत घेतलं नाही.

झाकणाचंही तसंच. त्याचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि टाकीतून उतू जातं. सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात शेवटी आठवतो. बदलताना त्याच दाबाचं घ्यायचं, ‘जास्त दाबाचं जास्त चांगलं’ असं नसतं.

आणि नळाचं किंवा बोअरचं पाणी. घाटात अडकलात तर कुठलंही घाला, प्रश्न नाही. पण ते कायम ठेवू नका. क्षाराचा थर इंजिनाच्या आत बसतो, अगदी गिझरच्या कॉइलवर बसतो तसा, आणि मग पाणी असूनही उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात. चार महिने साधं पाणी घालून भाच्याने ती इतकी पातळ केली होती की आमच्या नळ्यांतून निघालेलं पाणी कोकमच्या सारासारखं दिसत होतं. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. रंगावर जाऊ नका, गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो. आणि ते गोड असतं पण विषारी, तेव्हा उघडी बाटली लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब.

भरल्यावर आतली हवा काढायला विसरू नये. थंड इंजिन, झाकण उघडं, हीटर गरमवर, इंजिन चालू, आणि पातळी खाली जाईल तसं घालत राहायचं. बुडबुडे थांबून पाणी वर यायला लागलं की झाकण लावायचं. मग पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत काट्यावर नजर ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीची पातळी परत बघायची. आमची त्या सकाळी बोटभर खाली होती. थोडी हवा राहिली होती. भरली. तिसऱ्या दिवसापासून हलली नाही.

भाच्याने टाकीच्या बाजूला मार्करने एक काळी रेघ मारून ठेवलीय आणि दर रविवारी तिचा फोटो मला पाठवतो. काल ताईचा फोन आला होता. शेजारच्या वहिनींच्या गाडीलाही म्हणे हल्ली थोडं पाणी लागतं. मी चप्पल घातली आणि निघालो.